माणूसले काय व्हस?

मायच्या डोळ्यांचे थेंब घ्यायला मी टॉवर चौकातल्या मेडिकलसमोर उभा होतो. पुढे पाच-सहा माणसं होती आणि काउंटरवरचा माणूस प्रत्येक चिठ्ठी उलटीसुलटी करून वाचत होता. नोव्हेंबर लागला तरी जळगावचं ऊन काही हटत नव्हतं. म्हणून हेल्मेट काढून हातात धरलं होतं. तेवढ्यात मागचा गृहस्थ म्हणाला, "भाऊ, झोपलं का हेल्मेट?" मला आधी कळलंच नाही तो कुणाशी बोलतोय. मग खाली पाहिलं. हेल्मेट माझ्या डाव्या कोपराच्या खोबणीत होतं, काच छातीकडे वळवलेली. उजव्या हातानं मी त्याच्या पाठीवर थोपटत होतो, आणि एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असा हळूहळू झुलत होतो. कधीपासून, कुणास ठाऊक. बाजूला स्कुटीवर बसलेल्या दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला? थेंब घेतले, हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली केली आणि गाडी घराकडे न नेता मेहरूण तलावाकडे वळवली. हेल्मेटचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. आत माणूस रडतोय की गाणं म्हणतोय, ट्रॅफिक पोलिसालासुद्धा दिसत नाही.

हो मीच म्हणालो होतो. त्यात कुणाची जबरदस्ती नव्हती. माझ्या बायकोला, ज्योत्स्नाला, दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. माय म्हणाली, "ललित, प्रेमराजले एक लेकरू द्या तुम्ही. आतेनं जे व्हई ते. पोऱ्या व्हवो का पोर." प्रेमराज माझा मोठा भाऊ. मी त्याला नुसतं भाऊच म्हणतो. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. शाळा सोडून तो धुळ्याला आग्रा रोडवर एका टायरवाल्याकडे कामाला लागला, आणि त्या पगारावर मी अमळनेरच्या कॉलेजात बी. कॉम. झालो. पुढे त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, दिपमाला वहिनी आल्या, आणि मग त्यांच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी एक बातमी यायची आणि काही महिन्यांत ती परत जायची. शेवटी बातमी येणंच थांबलं. भाऊनं कधी एका शब्दानं काही मागितलं नव्हतं. मायनं मागितलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. घास गिळायच्या आतच मी मान हलवली. ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दादांचं घर भरत असेल तर माझं काही नाही." किती सोपं गेलं ते! मी कामाला आहे त्या डाळ मिलमधून एक पोतं जास्त पाठवायचं म्हटलं असतं तरी मी अधिक विचार केला असता. आता वाटतं, त्या दिवशी मान हलवली तो माणूस निराळाच होता. आणि त्याच्या शब्दाला मी बांधला गेलो.

कारण बाप होणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. मयुरी होती, तरी माहीत नव्हतं. मयुरी झाली ती लॉकडाऊनमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ज्योत्स्ना पिंपळनेरला गेली होती, आणि जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या. मी मुलीचा बाप झालो ते मोबाइलवर. रोज संध्याकाळी ज्योत्स्नाची आई फोन बाळाच्या तोंडासमोर धरायची. कधी नाक दिसायचं, कधी टाळू, कधी नुसतं छत. मी "मयू, मयू" करायचो, आणि पाचेक मिनिटांत फोन ठेवून बातम्या लावायचो. ती घरी आली तेव्हा चांगली मान धरत होती, आणि तिला झोपवणं, भरवणं, उगी करणं सगळं ज्योत्स्नाच्या हाताला बसलेलं होतं. मी आपला संध्याकाळी तिला गाडीच्या टाकीवर बसवून गल्लीत एक चक्कर मारायचो. तेवढ्याला मी बापपण समजत होतो. वाईट वाटायचं काही कारणच नव्हतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बापांच्या टाक्यांवर पोरं असायची.

दुसरी झाली जुलैच्या सुरुवातीला, जळगावलाच, सिझर करून. मुलगीच. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका मावशीनं तोंडावरच म्हटलं, बरं झालं बाई, मुलगा असता तर द्यायला जीव झाला नसता. ठरल्याप्रमाणे भाऊ-वहिनी बाराव्या दिवशी येऊन तिला ओटीत घेणार होते. पण गुरुजींनी पंचांग काढलं आणि सांगितलं की धोंड्याचा महिना लागतोय, अधिक महिन्यात असलं कार्य करायचं नाही, श्रावण नीट लागू द्या. आणि वहिनी इतक्या वेळा पोळलेल्या होत्या की त्या म्हणाल्या, मुहूर्ताआधी मी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. आता हे बाळ महिनाभर ठेवायचं कुठं? इथं मायनं डोकं चालवलं. तिनं आयुष्यभर गाई-म्हशींची वासरं तोडली होती, तिला त्यातलं कळत होतं. ती म्हणाली, "एकदाव आंगवर पाजी का मंग मायपाईन लेकरू सुटाव नई." म्हणून ज्योत्स्नाला दूध सुकवायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि टाके निघाल्यावर तिला मयुरीसकट पिंपळनेरला पाठवून दिलं. तिला लळा लागू नये, पुढं तिच्या जिवाला त्रास होऊ नये म्हणून. चांगल्या मनानंच केलं सगळं. राहिलं बाळ. मायचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. काळा गॉगल लावून ती खुर्चीत बसली होती, एखाद्या सिनेमातल्या डॉनसारखी. पावसाळ्यात दमट हवेनं डाळ मिलचं काम निम्म्यावर येतं, म्हणून मला सुटी मिळण्यासारखी होती. मायनं गॉगल माझ्याकडे वळवला. "तू सांभाय," ती म्हणाली. "माणूसले काय व्हस? त्याले ना पान्हा, ना कळा." पुरुषाला काय होतंय! ही एवढी एकच चूक झाली तिच्या हातून. बाकी सगळा बंदोबस्त चोख होता.

पहिले दोन दिवस मी तिला काचेच्या भांड्यासारखं धरत होतो. माय खुर्चीतून हुकूम सोडायची, मान धर, ढेकर काढ, टाळूवर तेल जिरव. बाटली उकळायची, पावडर सपाट चमच्यानं घ्यायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा. लंगोट बदलताना सुरुवातीला मला मळमळायचं. आठवड्यात असं झालं की लंगोटाचा रंग पाहून मी मायला रिपोर्ट देत होतो. मी तेरा वर्षं डाळ मिलमध्ये आहे. मशिनच्या आवाजानं माझे कान अर्धे गेले आहेत, ज्योत्स्ना दोनदा हाक मारते तेव्हा मी एकदा ओ देतो. पण ती जागी होताना रडायच्या आधी घशात एक बारीकसा आवाज करायची, चिमटीत पापड मोडावा तसा. तो मला गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकू यायचा. मी जिना उतरून तिच्यापाशी पोचायचो आणि मग ती तोंड उघडायची. माय म्हणायची, तुले कसं समजनं? मलाही कळत नव्हतं कसं समजलं. भूक लागल्याचं रडं वेगळं, पोट दुखतंय ते वेगळं, नुसतं घ्या म्हणून वेगळं, हे मला कुणी शिकवलं नाही. तिच्या मानेच्या घडीत जो आंबूस वास येतो तो मी दिवसातून किती वेळा घेत होतो, आणि इतर सगळे वास फिके पडत चालले होते. जेवणात मीठ कमी आहे की जास्त, सांगता येईना. शेजारच्यांची नावं आठवेनात. एटीएमचा नंबर विसरलो. माझ्या डोक्यातलं बरंचसं सामान कुणीतरी गुपचूप बाहेर काढून ठेवत होतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत तिला आणून बसवत होतं. आणि मला त्याची जराही हळहळ वाटत नव्हती. उलट, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तिला नाव नव्हतं. मायनं बजावलं होतं, "नाव नको ठेऊ. नाव तठेच ठेवतीन." म्हणून मी तिला बाईसाहेब म्हणायचो. बाईसाहेब, उठा. बाईसाहेब, दूध घ्या. दुपारी पाऊस लागला की मी तिला छातीवर पालथी घालून सतरंजीवर पडायचो, आणि ती माझ्या श्वासाबरोबर वरखाली व्हायची. त्या वेळी मनात यायचं, श्रावण लागतो तो नेमका कधी? मग ते मी मनातून काढून टाकायचो. ज्योत्स्नाचा फोन यायचा. ती मयुरीचं सांगायची, टाक्यांचं सांगायची, पावसाचं सांगायची. बाळाचं विचारायची नाही, विचारू नकोस असं तिला सांगितलेलं होतं. मीही सांगायचो नाही. एकदा बोलता बोलता मागून बाईसाहेब रडल्या. ज्योत्स्नाचं पावसाचं वाक्य अर्धंच राहिलं. मग म्हणाली, "ठेवते हं." आणि मी फोन ठेवलेलासुद्धा मला आठवत नाही, कारण मी तोवर आतल्या खोलीत पोचलो होतो.

श्रावणातल्या पहिल्या चांगल्या दिवशी भाऊ-वहिनी गाडी करून आले. गुरुजी आले, पाटावर तांदूळ मांडले. ज्योत्स्नालाही पिंपळनेरहून बोलावून घेतलं होतं, आईबापांनी मिळून ओटीत घालायचं असतं. ती पाटावर माझ्या डाव्या हाताला बसली, आणि बाळ तिच्या मांडीवरून वहिनींच्या ओटीत गेलं ते इतक्या झटकन की तिनं नीट पाहिलंही नसेल. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. ती कोसळते की काय म्हणून दोन्हीकडून दोन बायका बसवलेल्या. ज्योत्स्ना खांबासारखी ताठ बसली होती. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. मी उठून मोरीत गेलो, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभा राहिलो. हात आपोआप बाटली विसळायच्या हालचाली करत होते. बाहेरून वहिनींचं रडणं ऐकू येत होतं, आनंदाचं. गाडी निघाली तेव्हा ती गाडीत झोपलेली होती. मला म्हणायचं होतं की उजव्या कुशीवर ठेवू नका, दूध ओकते. म्हणालो नाही. काकानं एवढं सांगायचं नसतं. मायनं नंतर मला जवळ बोलावून सांगितलं, "सहा महिना तठे जाऊ नको. पोर इसरी जाई." पोर विसरेल. तिच्या विसरण्याची व्यवस्था झाली. त्यांनी तिचं नाव हर्षाली ठेवलं. नाव चांगलं आहे. पण ते मला कुणा दुसऱ्याच मुलीचं वाटतं.

लोकांना वाटलं आठ-पंधरा दिवसांत मी माणसात येईन. मिलमध्ये मालक म्हणाले, दोन पोरींचा विचार करा आणि बघा, देव करतो ते बऱ्यासाठीच. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत. पण घशातला तो बारीक आवाज मला सगळीकडे ऐकू यायला लागला. मिलमधल्या चाळणीच्या धडधडीत, एसटी स्टँडवर, भाजीवाल्याच्या कट्ट्यावर. तूरडाळीचा नमुना बोटांनी पसरत असताना मध्येच मी उठून गोदामाच्या दारापर्यंत चालत जायचो आणि तिथं उभं राहून कशासाठी आलो ते आठवायचो. कुणाचं बाळ रडलं की माझे खांदे आधी वळायचे, मग मी. ज्योत्स्ना घरी परत आली होती. तिची तब्येत सुधारत होती. ती घर आवरायची, मयुरीला बालवाडीत सोडायची, गच्चीवर पापड घालायची. एकदा ती म्हणाली, "मला रडू येत नाही याचीच भीती वाटते मला. मी तिला धड पाहिलीच नाही हो. कुणी विचारलं, कशी होती, तर मला सांगता येणार नाही." मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्हाला मात्र काहीतरी झालंय." मी म्हणालो, काही नाही. आणि मग ते हेल्मेटचं झालं.

मला वाटलं डोक्यातच काही बिघडलंय, गाठबीठ. कुणाला न सांगता मी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्याच वयाचे होते, चष्म्याच्या आड दमलेले डोळे. सगळं ऐकून घेतलं, नाकावर बोट ठेवायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि मग खुर्चीत मागे रेलून चक्क हसले. म्हणाले, "घरात लहान बाळ आहे?"

"झालं जुलैमध्ये."

"आणि तुम्हीच सांभाळलंत?"

"महिनाभर. मीच."

"मग तुम्हाला आजार नाही, तुम्ही बाप झालाय," ते म्हणाले. मग अगदी रंगात येऊन सांगायला लागले. बाईच्या मेंदूत हा फरक पोटात बाळ असतानाच सुरू होतो, म्हणे. पुरुषाचा सुरू होतो तो हातांतून. जो बाप पाजतो, धुतो, जागतो, त्याच्या मेंदूत आवाज ओळखणारी जागा आणि भीतीची जागा एकमेकींशी जोडल्या जातात, घट्ट. काही ठिकाणी मेंदूचा वरचा थर थोडा कमीही होतो. मी घाबरलो असं पाहून म्हणाले, "कमी म्हणजे खराब नाही हो. कपाशीची विरळणी करता ना? जास्तीची रोपं उपटली की उरलेली जोमानं येतात. तसं. जितकं केलंत तितका बदल." मी विचारलं, "आणि परत पहिल्यासारखा होतो का?" त्यांना तो प्रश्न कळला नाही. "पहिल्यासारखा कशाला व्हायला पाहिजे?" मी म्हणालो, "समजा." त्यांनी खांदे उडवले. "असं कुणी तपासलेलं माझ्या वाचनात नाही. बाळ कुठंय सध्या?" धुळ्याला, मी म्हणालो. "मग जा की भेटून या! तेच औषध," म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. जिना उतरताना मला हसू आलं. उपटलेली रोपं परत कुणी लावत नाही. आणि ज्या एका रोपासाठी शेत मोकळं केलं तेच कुणी काढून नेलं, तर त्या शेताकडे पाहायचं कशाला? मला आजार नव्हता. आजार असता तर निदान औषध तरी मागता आलं असतं.

पण त्या जिन्यावरच माझ्या डोक्यात एक विचार शिरला, आणि पुढं त्यानं मला सोडलं नाही. ओटी भरली होती, तरी कागद व्हायचा होता. वकिलानं सांगितलं होतं, दत्तकपत्र रजिस्टर झालं की पक्कं, आणि त्यावर आईबाप दोघांची सही लागते. वहिनींच्या आधार कार्डातली जन्मतारीख चुकलेली, ती दुरुस्त होईस्तोवर हिवाळा आला. सही झालेली नाही, तोवर ती माझी आहे. मी ते मिलमध्ये मनात म्हणायचो, जेवताना म्हणायचो. भाऊचे उपकार? मी त्याची आयुष्यभर चाकरी करेन. मायचा शब्द? शब्द मायनं टाकला होता. हो म्हणणारा मी होतो खरा, पण तो मी आता आहे कुठं, डॉक्टरच सांगतात की तो मेंदू उरला नाही. मनातल्या मनात मी मोठा वकील झालो होतो. जानेवारीतली तारीख ठरली तेव्हा ज्योत्स्नाला सांगितलं, "मी सही करणार नाही." ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "दादांना कोण सांगणार?" ती म्हणाली. "मी." तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मयुरीला मायपाशी ठेवून आम्ही सकाळची धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा. खिडकीतून गार वारा येत होता आणि मला कित्येक महिन्यांनी भूक लागली होती.

भाऊचं घर दुकानाच्या मागे, वर. ज्योत्स्ना जिना चढून वहिनींकडे गेली आणि मी दुकानातच थांबलो. मला भाऊ एकटा हवा होता. तो ट्रकच्या चाकावर वाकून पहार घालत होता, नेहमीसारखा गप्प, कोपरापर्यंत काळा. कॉम्प्रेसर चालू होता, बाहेर आग्रा रोडचे ट्रक. शेजारी उभं राहूनही ओरडूनच बोलावं लागत होतं. "बस," तो म्हणाला. मी बसलो नाही. म्हणालो, "भाऊ, माले तुले एक सांगनं शे. सहीनं." त्यानं पहार तशीच धरून मान वर केली. त्याच्या तोंडावरचं रक्त खाली उतरलेलं मला दिसलं. मी पुढचं वाक्य जुळवत होतो, बसमध्ये पाठ केलेलं. एवढ्यात त्यानं हात वर केला, पहार टाकली, जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. "उठनी ती," तो म्हणाला.

मी ऐकलं. काहीच नव्हतं. ट्रक होते, समोरच्या गॅरेजमधली ठोकाठोक होती. मी श्वास रोखून ऐकलं. माझ्या या कानांनी, जे मिलच्या चाळणीतून तिला ऐकत होते, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. भाऊ नळाखाली हात धुवत होता. धुण्याची पावडर घेऊन, ब्रशनं, कोपरापर्यंत, मग साबणानं, मग पुन्हा पाण्यानं. त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, काही उघड्या. पंचवीस वर्षं रबरात काम करून ज्या हातांना काही झालं नाही, ते हात या दिवसभराच्या धुण्यानं फाटले होते. तो पुसत पुसत जिन्याला लागला, आणि तेव्हा कुठं वरून रडणं सुरू झालं. मीही मागोमाग गेलो. तो तिला घेऊन दारात उभा होता. केवढी झाली होती! डोक्यावर दाट केस, हातात चांदीचे वाळे. तिनं माझ्याकडे पाहिलं. दारात मीटर बघायला आलेल्या माणसाकडे मुलं पाहतात तसं पाहिलं, आणि तोंड वळवून भाऊच्या गळ्यात लपवलं. मायचा बंदोबस्त इथंही चोख निघाला होता.

भाऊ मला बाजूला गॅलरीत घेऊन गेला. ती त्याच्या खांद्यावर होती. तो माझ्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत बोलला. जन्मात इतकं बोललेला मी त्याला ऐकला नव्हता. "जयगावना फोन वना का माले भ्याव वाटस, ललित. तुनी वहिनीले मी सांगत नई. मी माल लेवाले सुरतले बी जात नई आते. मी तठे जासू आनि आठे तू यिसन..." मग म्हणाला, "तू सही करशी ना?" मोठा भाऊ धाकट्याला असं विचारत नसतो. मला वडिलांच्या जागी असलेला माणूस माझ्यासमोर फाटक्या हातांनी एक पोर घट्ट धरून उभा होता, आणि मला घाबरत होता. माझ्या मेंदूत जे झालं होतं ते सगळं त्याच्यातही झालेलं होतं, माझ्याहून पक्कं, अजून चालू. मी बोललो असतो तर त्याला डॉक्टरांच्या त्या जिन्यावर उभं केलं असतं जिथून मी उतरलो होतो. मला त्याचा रागही येईना. मी म्हणालो, "करसू. तेच सांगाले वनथू. तारीख पुढे नको ढकलू." तो रडला नाही. त्यानं फक्त तिला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

रजिस्टर ऑफिसात आमचा नंबर जेवणाच्या सुटीनंतर लागला. तिथल्या बाईंनी अंगठे घेतले, फोटो काढले आणि मान वर न करता विचारलं, "मुलगी स्वखुशीनं देताय ना?" मी हो म्हणालो. ज्योत्स्नाही हो म्हणाली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. काय झालं ते तिनं विचारलं नाही, आणि सही करून पेन माझ्याकडे सरकवलं. बाहेर आलो तर वहिनी एकदम हलक्या झाल्या होत्या. इतके महिने आवळून धरलेलं काहीतरी सुटलं असावं. घरी येऊन त्यांनी चहा टाकला, गोडाचा शिरा केला, आणि हर्षालीला उचलून सरळ ज्योत्स्नाच्या मांडीवर ठेवलं. "घे की गं," त्या म्हणाल्या. "आता काय!" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. मी ज्योत्स्नाला सांगणार होतो, घेऊ नकोस. पण तेवढ्यात तिनं घेतली होती. माझ्याकडे न आलेली पोर तिच्याकडे कशी कोण जाणे राहिली. ज्योत्स्नानं तिला पेज भरवली, तोंड पुसलं, पायांवर आडवी घातली. दुपारभर दोघी त्या दिवाणावर होत्या. भाऊ आणि मी खाली दुकानात बसलो होतो. वर गेलो तेव्हा ती झोपली होती, ज्योत्स्नाचा अंगठा मुठीत धरून. बसची वेळ झाली होती. ज्योत्स्नानं अंगठा सोडवून घेतला तो एकेक बोट उघडत, इतक्या हळू की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पारोळ्यापर्यंत तिकडेच तोंड करून होती. बाहेर कापसाची शेतं वेचून संपलेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. उन्हं उतरत होती. मग मी पाहिलं तर ती दोन्ही हात पोटाशी घट्ट दाबून बसली होती आणि तिचे डोळे वाहत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिनं पुसायचाही प्रयत्न केला नाही.

"मला काहीतरी होतंय," ती म्हणाली.

कंडक्टर मागच्या सीटवर सुट्ट्यांवरून कुणाशी तरी वाद घालत होता.

"अंगात कुठंतरी ओढतंय. तिचा वास जात नाहीये हाताचा." तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "तुम्हाला व्हायचं ते हेच का हो?"

मी मान हलवली.

"आणि तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात ना? मला माहीत आहे, खिशात चिठ्ठी सापडली होती." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "जातं ना ते? किती दिवसांनी जातं?"

"जातं," मी म्हणालो. "महिना-दोन महिने. मग मेंदू आपोआप पहिल्यासारखा होतो. डॉक्टरांनीच सांगितलंय."